दूरच्या ट्रान्समीटरवर लक्ष ठेवणाऱ्या यंत्रात नवं फर्मवेअर नेमकं काय बदलतं?

रेडिओ किंवा टीव्हीचा ट्रान्समीटर बहुतेक वेळा उंचावर, वस्तीपासून लांब असतो आणि तिथे माणूस नसतो. ट्रान्समीटर किती पॉवर देतोय, अँटेनाकडून किती परत येतेय, खोलीचं तापमान, वीज, जनरेटर, टॉवरवरचे दिवे या सगळ्यावर एक छोटं यंत्र नजर ठेवतं. त्याला रिमोट मॉनिटरिंग युनिट म्हणतात. मागच्या बाजूला तीन प्रकारच्या जोडण्या असतात: व्होल्टेज मोजणाऱ्या ॲनालॉग इनपुट, 'चालू की बंद' एवढंच सांगणाऱ्या स्टेटस इनपुट आणि ट्रान्समीटरला हुकूम देणारे रिले. हे हार्डवेअर दहा-पंधरा वर्षं तसंच राहतं. आतलं सॉफ्टवेअर, म्हणजे फर्मवेअर, मात्र अधूनमधून बदलतं.

नव्या आवृत्तीच्या यादीत वीस-तीस ओळी असतात. त्यातल्या बऱ्याच पडद्याच्या सजावटीच्या असतात, त्या सोडून द्या. प्रत्येक ओळीला एकच प्रश्न विचारायचा: स्टुडिओशी संपर्क तुटलेला असताना साइटवर काय घडेल, यात या सुविधेमुळे काही फरक पडतो का? पडत असेल तर ती ओळ नीट वाचायला हवी.

सुरुवात मोजमापापासून करू, कारण इथली चूक पुढे सगळीकडे पसरते. ट्रान्समीटर आपली पॉवर थेट सांगत नाही, पॉवरच्या प्रमाणात एक छोटं डीसी व्होल्टेज देतो. काही ट्रान्समीटरमध्ये हे व्होल्टेज पॉवरच्या सरळ प्रमाणात असतं. काहींमध्ये ते लाइनवरच्या आरएफ (रेडिओ लहरींच्या) व्होल्टेजच्या प्रमाणात असतं, आणि पॉवर त्याच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. समजा ४ व्होल्ट म्हणजे ५००० वॅट. व्होल्टेज २ वर आलं तर सरळ प्रमाणात २५०० वॅट, पण वर्गाच्या हिशेबाने फक्त १२५० वॅट. पूर्ण पॉवरला दोन्ही पद्धती एकच आकडा दाखवतात, त्यामुळे चुकीचं कॅलिब्रेशन वर्षानुवर्षं कुणाच्या लक्षात येत नाही. पडताळणी सोपी आहे. ट्रान्समीटर अर्ध्या पॉवरवर आणा आणि त्या छोट्या डीसी सॅम्पलचं व्होल्टेज मल्टिमीटरने मोजा. ते अर्ध्यावर आलं तर सरळ प्रमाण, ०.७१ पटीवर आलं तर वर्गाचं प्रमाण. नव्या फर्मवेअरमध्ये बहुधा प्रत्येक चॅनेलला (म्हणजे एकेका इनपुटच्या वाचनाला) स्वतंत्र वक्र निवडता येतो किंवा पाच-दहा बिंदूंचा तक्ता भरता येतो. पॉवर मोजणाऱ्या डिटेक्टरचा डायोड कमी पातळीवर सरळ रेषेत चालत नाही, म्हणून रिफ्लेक्टेड (अँटेनाकडून परत येणाऱ्या) पॉवरसाठी तक्ता जास्त उपयोगी.

दुसरी सुधारणा वाचनाच्या वेगाची. जुनी युनिट एकामागून एक चॅनेल वाचत फेरी मारायची. दोन वाचनांच्या मध्ये अर्धा सेकंद वीज गेली किंवा रिफ्लेक्टेड पॉवरने उसळी मारली तर नोंदच राहायची नाही. आता बऱ्याच युनिटमध्ये प्रत्येक चॅनेलचं त्या मिनिटातलं सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त मूल्य राखून ठेवलं जातं. जनरेटरच्या बॅटरीसाठी हे सोन्यासारखं आहे. १२ व्होल्टची बॅटरी चार्जरवर असताना सुमारे १३.६ व्होल्ट दाखवते आणि आतून मेलेली असली तरीही तेवढंच दाखवू शकते. तिची खरी अवस्था कळते स्टार्टर फिरतानाच्या घसरणीतून. ती घसरण काही सेकंदांची असते, सरासरीत कधीच दिसत नाही. दर आठवड्याच्या चाचणीत हा नीचांक खाली खाली जाऊ लागला, तर जनरेटर एक दिवस सुरू होणार नाही हे आधीच समजतं.

आता व्हर्च्युअल चॅनेल. प्रत्यक्ष तार न जोडता, इतर वाचनांवर गणित करून तयार केलेलं हे वाचन असतं. नव्या सुविधांमध्ये आमच्या मते सर्वांत कामाची हीच, आणि सर्वांत दुर्लक्षितही हीच. अँटेनाच्या आरोग्याचं उदाहरण घ्या. बहुतेक ठिकाणी रिफ्लेक्टेड पॉवरला वॅटमध्ये ठरावीक मर्यादा घातलेली असते, समजा २०० वॅट. ५००० वॅट पुढे जात असताना २०० वॅट परत येणं म्हणजे व्हीएसडब्ल्यूआर (अँटेना लाइनशी किती जुळते हे सांगणारं गुणोत्तर, १ म्हणजे काहीच परत येत नाही) १.५. इथपर्यंत ठीक. पण काही कारणाने ट्रान्समीटर १२५० वॅटवर उतरला आणि १५० वॅट परत येत आहेत असं समजा. व्हीएसडब्ल्यूआर २ च्या वर गेला, अँटेना किंवा केबल बिघडली आहे, तरी वॅटची मर्यादा ओलांडली नाही म्हणून अलार्म गप्प. गणित असं: परत येणारी पॉवर भागिले पुढे जाणारी, त्याचं वर्गमूळ. एक अधिक हे उत्तर, भागिले एक वजा हे उत्तर. फर्मवेअरमध्ये वर्गमूळाची सोय असेल तर एका ओळीत बसतं. सोबत एक अट मात्र टाकायलाच हवी: पुढे जाणारी पॉवर नेहमीच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त असेल तरच गणित करायचं. नाहीतर ट्रान्समीटर बंद झाला की शून्याजवळच्या दोन आकड्यांचा भागाकार वाटेल ते उत्तर देतो आणि बंद ट्रान्समीटरच्या अँटेनाबद्दल धोक्याचे संदेश येत राहतात.

हवेच्या फिल्टरचंही असंच. ५ किलोवॅटचा, ७० टक्के कार्यक्षमतेचा ट्रान्समीटर सुमारे २.१ किलोवॅट उष्णता बाहेर टाकतो. हवेचा प्रवाह सेकंदाला ०.२ घनमीटर असेल तर आत जाणाऱ्या आणि बाहेर पडणाऱ्या हवेत साधारण ९ अंशांचा फरक पडतो. फिल्टर तुंबून प्रवाह निम्मा झाला की तोच फरक १८ अंशांच्या आसपास जातो. नुसतं बाहेर पडणाऱ्या हवेचं तापमान पाहिलं तर उन्हाळा आणि तुंबलेला फिल्टर यांतला फरक कळत नाही. दोन सेन्सर आणि एक वजाबाकी केली की कळतो. सेन्सर ट्रान्समीटरच्या पत्र्याला चिकटवू नका, हवेच्या झोतात मोकळे टांगा.

अलार्मची नवी यंत्रणा ही यादीतली सर्वांत लांब बाब असते, आणि ती असायलाच हवी. युनिट कमी बोलतं म्हणून साइट दुर्लक्षित होते असं फारसं घडत नाही. ते फार बोलतं आणि लोक त्याचे संदेश म्यूट करतात, हे मात्र सर्रास घडतं. त्यावर तीन साधे उपाय आहेत. पहिला हिस्टेरेसिस: खोलीचं तापमान ४० अंशांना अलार्म देईल, पण तो मिटेल ३७ ला उतरल्यावरच. फ्रिजचा थर्मोस्टॅट याच तत्त्वावर चालतो, म्हणून कंप्रेसर दर दहा सेकंदांनी चालू-बंद होत नाही. दुसरा विलंब: बिघाड १० सेकंद टिकला तरच अलार्म, आणि सगळं ठीक झाल्यावर ६० सेकंद थांबून मगच 'पूर्ववत' असा संदेश. तिसरा उपाय जुन्या फर्मवेअरमध्ये सहसा नसायचा, तो म्हणजे अवलंबित्व. वीज गेली की ट्रान्समीटर बंद, एसी बंद, पॉवर शून्य, पंखा बंद असे डझनभर अलार्म एकदम सुटतात आणि मूळ कारण त्या गर्दीत हरवतं. 'वीज नाही' हा अलार्म चालू असेपर्यंत बाकीचे दाबून ठेवा, असं आता सांगता येतं. दाबलेले अलार्म नोंदवहीत मात्र जायला हवेत. ते पूर्णपणे गिळून टाकणारं फर्मवेअर असेल तर ही सुविधा वापरू नका.

बदलाच्या वेगावरचा अलार्म हाही नवा प्रकार. डिझेलची पातळी २० टक्क्यांखाली गेली की अलार्म, हे सगळीकडे असतं. पण जनरेटर बंद असताना पातळी तासाभरात ५ टक्क्यांनी उतरली, तर ती गळती किंवा चोरी. टाकी ८० टक्के भरलेली असतानाही हे कळायला हवं.

आणि जो अलार्म युनिट स्वतः कधीच देऊ शकत नाही, तो म्हणजे स्वतः बंद पडल्याचा. म्हणून हार्टबीट. युनिट दर पाच मिनिटांनी 'मी आहे' असा संदेश पाठवतं आणि स्टुडिओकडचा सर्व्हर तो सलग तीनदा आला नाही की ओरडतो. ओरडण्याचं काम दुसऱ्या टोकाला आहे, हे महत्त्वाचं. एसएनएमपी (जाळ्यावरच्या यंत्रांवर देखरेख करण्याची प्रमाण पद्धत) वापरत असाल तर आणखी एक गोष्ट पाहा. साधा ट्रॅप, म्हणजे युनिटने आपणहून पाठवलेला संदेश, यूडीपीवरून जातो, पोहोचल्याची पावती मिळत नाही. वाटेत हरवला तर हरवला. इन्फॉर्म या प्रकारात समोरून पोच येते, आली नाही तर युनिट पुन्हा पाठवतं. बेभरवशाच्या मायक्रोवेव्ह किंवा मोबाइल लिंकवर इन्फॉर्मच हवा.

संदेश पोहोचवण्याचा मार्गही काळाबरोबर मोडतो, बऱ्याचदा कुणी हात न लावता. टीएलएस, म्हणजे जोडणी सांकेतिक करून सुरक्षित ठेवणारी पद्धत. तिच्या १.० आणि १.१ या आवृत्त्या मार्च २०२१ मध्ये आरएफसी ८९९६ या इंटरनेटच्या प्रमाण दस्तऐवजाने अधिकृतपणे कालबाह्य ठरवल्या. मेल सर्व्हरांनी त्या बंद केल्या की फक्त तेवढ्याच जाणणाऱ्या जुन्या युनिटचे अलार्म-ईमेल जाणं थांबतं. पडद्यावर अलार्म दिसतो, मेल येत नाही, आणि 'बरेच दिवस काही बिघडलं नाही' असं सगळ्यांना वाटत राहतं. नव्या फर्मवेअरमधली टीएलएस १.२ किंवा १.३ ची ओळ म्हणूनच कंटाळवाणी दिसली तरी मोलाची. याच्याशी जोडलेला एक छुपा दोष आहे. युनिटच्या घड्याळाची नाण्याएवढी बॅटरी संपलेली असेल तर वीज जाऊन आल्यावर घड्याळ मागे पडतं, कधीकधी थेट १९७० वर. सुरक्षित जोडणी करताना समोरच्या सर्टिफिकेटची तारीख तपासली जाते. घड्याळ मागे असलं की ते सर्टिफिकेट 'अजून लागू झालेलं नाही' असं दिसतं आणि मेल अडतो. एनटीपीवरून (इंटरनेटवरून घड्याळ जुळवणाऱ्या सेवेवरून) वेळ जुळेपर्यंत ही अडचण राहते. फर्मवेअर बदलायला साइटवर गेलाच आहात तर ती बॅटरीही बदलून टाका.

फोनवरून आकडे दाबून नियंत्रण करण्याची जुनी सोय अजून अनेकांना हवी असते. लँडलाइन काढून इंटरनेट फोन घेतला की मोबाइलचं ५ बटण युनिटला ऐकूच जात नाही, अशी तक्रार येते. कारण आवाज दाबून लहान करणारे कोडेक प्रत्येक बटणाच्या दोन सुरांचं रूप बिघडवतात. फर्मवेअरमध्ये थेट सिप (इंटरनेट फोनचं) खातं जोडण्याची सोय असेल तर डीटीएमएफची (बटणांच्या सुरांची) पद्धत आरएफसी ४७३३ वर ठेवा. मग बटणांचे सूर आवाजात मिसळून न जाता वेगळ्या खुणा म्हणून जातात.

स्वयंचलित कृती हा भाग सर्वांत आकर्षक आणि सर्वांत धोकादायक. मुख्य ट्रान्समीटर पडला की स्टँडबायवर जायचं, हे युनिट स्वतः करू शकतं. पण दोन ट्रान्समीटरच्या मध्ये, अँटेना कोणाला जोडायची ते ठरवणारा कोॲक्सियल स्विच असतो आणि तो आरएफ चालू असताना हलला तर संपर्कबिंदू जळतात. म्हणून क्रम ठरलेला: दोन्ही ट्रान्समीटरना आरएफ बंदचा हुकूम, दोन-तीन सेकंद थांबणं, दोन्हींची पॉवर खरोखर शून्य आली का ते मोजून पाहणं, स्विच हलवणं, स्विचच्या आतल्या मायक्रोस्विचकडून नव्या जागेची खात्री, आणि मगच स्टँडबाय चालू. जुन्या फर्मवेअरमध्ये फक्त 'हुकूम दे, थांब, पुढचा हुकूम दे' एवढंच जमायचं. नव्यात प्रत्येक पायरीवर 'अमुक दिसलं तरच पुढे, नाहीतर सगळं थांबव आणि कळव' अशी अट घालता येते. ही अट मिळत असेल तर फर्मवेअर बदलण्याला तेवढं एक कारण पुरे. तरी स्विचचा तारांनी केलेला इंटरलॉक (स्विच हलत असताना आरएफ बंद ठेवणारी जोडणी) काढायचा नाही. सॉफ्टवेअर हे त्याच्यावरचं दुसरं कवच.

पुन्हा चालू करण्याच्या प्रयत्नांनाही मर्यादा हवी. वीज कडाडल्यावर ट्रान्समीटर ट्रिप होतो, एकदा चालू केला की पुन्हा नीट चालतो. पण केबलच्या जोडात ठिणगी पडत असेल तर प्रत्येक प्रयत्न त्या ठिणगीला आणखी ऊर्जा देतो आणि साधा कनेक्टर बदलण्याऐवजी लाइनचा तुकडाच बदलावा लागतो. दहा मिनिटांत तीन प्रयत्न, मग थांबायचं, आणि शक्य असल्यास चौथा प्रयत्न कमी पॉवरवर, हा समंजस नियम. इथे एक बारीक प्रश्न विचारून घ्या: प्रयत्नांचा मोजणारा आकडा युनिट रीबूट झाल्यावर टिकतो का? नुसता तात्पुरत्या मेमरीत असेल तर वीज वारंवार जात-येत असताना तो दर वेळी शून्यावर जातो आणि तीनाची मर्यादा नावालाच उरते.

साइटवर कुणी काम करत असेल तेव्हा हे सगळं बंद असलं पाहिजे. ट्रान्समीटरचा लोकल-रिमोट स्विच स्टेटस इनपुटला जोडा आणि प्रत्येक स्वयंचलित कृतीची पहिली अट 'रिमोटवर आहे' ही ठेवा. माणसाच्या जिवासाठी मात्र यावर विसंबायचं नाही. मुख्य ब्रेकर पाडून त्याला कुलूप, आणि उच्च व्होल्टेजच्या ट्रान्समीटरमध्ये अर्थिंगची (उरलेला विद्युतभार जमिनीत सोडणारी) काठी, याला कुठल्याही आवृत्तीत पर्याय नाही.

सुरक्षेच्या बाबतीत फार तत्त्वज्ञान नको. फेब्रुवारी २०१३ मध्ये अमेरिकेच्या मोंटाना राज्यातल्या एका टीव्ही केंद्रावरून 'मृतदेह थडग्यांतून उठत आहेत' असा आणीबाणीचा इशारा प्रसारित झाला. आणीबाणी-इशाऱ्याच्या यंत्राचा कारखान्यातून आलेला पासवर्ड बदललेला नव्हता आणि ते यंत्र इंटरनेटवर उघडं होतं. मॉनिटरिंग युनिटलाही हेच लागू, उलट त्याच्या हातात ट्रान्समीटर बंद करणारा रिले आहे. एसएनएमपीच्या पहिल्या दोन आवृत्त्यांमध्ये परवलीचा शब्द उघड्यावर प्रवास करतो. तिसऱ्या आवृत्तीत ओळख पटवणं आणि सांकेतिकीकरण दोन्ही आहे. नवं फर्मवेअर ती देत असेल तर चालू करा आणि जुन्या दोन बंद करा, दोन्ही शेजारी चालू ठेवून उपयोग नाही. मॉडबस या यंत्रांनी एकमेकांशी बोलण्याच्या जुन्या पद्धतीत तर पासवर्ड ही संकल्पनाच नाही, म्हणून ५०२ हा पोर्ट साइटच्या आतल्या जाळ्याबाहेर जाता कामा नये. मोबाइल डेटावर युनिटला सहसा स्वतःचा सार्वजनिक पत्ता मिळत नाही, बाहेरून थेट पोहोचता येत नाही. युनिटने किंवा राउटरने आतून बाहेर व्हीपीएन (इंटरनेटमधून जाणारी सांकेतिक खाजगी वाट) जोडणं हा त्यावरचा मार्ग, आणि तो सुरक्षितही.

आता प्रत्यक्ष बदल कसा करायचा. आधी कॉन्फिगरेशनची प्रत संगणकावर उतरवा, आणि ती जपून ठेवा. नव्या फर्मवेअरने रूपांतरित केलेली फाइल जुनं फर्मवेअर बहुधा वाचू शकत नाही, म्हणून मागे जायची वेळ आली तर हीच प्रत कामी येते. सगळ्या चॅनेलच्या वाचनांचा स्क्रीनशॉट घ्या. फार जुन्या आवृत्तीवरून थेट नवीनवर उडी चालते की मधली एखादी आधी टाकावी लागते, हे सोबतच्या टिपणात पाहा. फाइलचा चेकसम (ती जशीच्या तशी उतरली का हे सांगणारा आकडा) पडताळा. लिंक हळू असेल तर वेळेचा हिशेब करा: ३० मेगाबाइटची फाइल सेकंदाला ६४ किलोबिटच्या लिंकवर जायला तासाभराहून जास्त घेते. मध्येच लिंक तुटली तर काय होईल, याचं उत्तर युनिटच्या रचनेत आहे. दोन स्वतंत्र कप्पे असलेलं युनिट नवी प्रत रिकाम्या कप्प्यात उतरवतं, सही तपासतं, मग त्यावरून सुरू होतं आणि जमलं नाही तर जुन्यावर परततं. एकच कप्पा असलेलं युनिट अर्धवट लिहिलेल्या अवस्थेत कायमचं अडकू शकतं. अशा युनिटचं काम दुरून करू नका. साइटवर जा, आणि युनिट यूपीएसवर आहे याची खात्री करा.

सर्वांत जास्त फसगत होते ती रिलेंच्या बाबतीत. रीबूट होताना रिले काय करतात? हुकूम देताना क्षणभरच मिटणाऱ्या रिलेंना काही होत नाही. पण 'फेलसेफ' रिले सतत ऊर्जित असतो आणि नियंत्रण गेलं की सुटतो, तीच त्याची रचना आहे. तो ट्रान्समीटरच्या इंटरलॉकच्या साखळीत असेल तर युनिट रीबूट होताच प्रसारण बंद. रीबूटच्या ३०-४० सेकंदांसाठी साइटवरच्या माणसाकडून, लेखी नोंद करून, त्या टर्मिनलवर तात्पुरता जंपर (दोन टोकं जोडणारी तार) टाकावा लागतो, आणि काम झाल्यावर तो काढला हे दुसऱ्याने तपासावं लागतं. ज्या साखळीत दरवाजाचा किंवा माणसाच्या सुरक्षेचा इंटरलॉक आहे तिला जंपर लावायचाच नाही. त्यापेक्षा प्रसारण थोडा वेळ बंद ठेवणं बरं.

बदलानंतर आधी ब्राउझरची साठवण रिकामी करा. नाहीतर जुनं पान नव्या युनिटशी बोलायचा प्रयत्न करतं आणि अर्धे आकडे रिकामे दिसतात. मग स्क्रीनशॉटशी एकेक चॅनेल ताडून पाहा. मॉडबसवरून येणारी वाचनं विचित्र दिसली तर रजिस्टरची (वाचनं ठेवण्याच्या घरांची) मोजणी शून्यापासून की एकापासून, हा वाद आधी तपासा. एका घराने सरकलेला तक्ता हे नेहमीचं कारण. एसएनएमपीचे आलेख सपाट झाले तर नव्या फर्मवेअरसोबतची एमआयबी फाइल (कोणतं वाचन कोणत्या क्रमांकावर, याची यादी) सर्व्हरवर टाकायची राहिली आहे, किंवा वाचनांचे ओआयडी क्रमांक बदलले आहेत. एक अलार्म मुद्दाम उठवा: एखादी मर्यादा क्षणभर खाली आणा आणि संदेश शेवटच्या माणसाच्या फोनपर्यंत पोहोचला का ते त्याला विचारा. एक निरुपद्रवी रिलेही चालवून पाहा.

काही गोष्टी त्याच दिवशी कळत नाहीत. सूर्योदय-सूर्यास्तावर चालणारं वेळापत्रक, मग ते मध्यम लहरींच्या रात्रीच्या पॉवरचं असो वा टॉवरच्या दिव्यांचं, युनिटमध्ये भरलेल्या अक्षांश-रेखांशावर आणि टाइम झोनवर अवलंबून असतं. अपग्रेडमध्ये रेखांशाचं चिन्ह उलटलं किंवा झोन मूळ स्थितीत गेला तर दुपारी सगळं ठीक दिसतं. म्हणून पहिल्या संध्याकाळी युनिटने काढलेली सूर्यास्ताची वेळ पंचांगाशी किंवा हवामान खात्याच्या वेळेशी ताडा. जनरेटरच्या पहिल्या साप्ताहिक चाचणीनंतर बॅटरीचा नीचांक नोंदला गेला का ते पाहा. आणि युनिट किती काळ अखंड चालू आहे हे दाखवणारा एसएनएमपीचा आकडा ४९७ दिवसांनी आपोआप शून्यावर येतो, हे सर्व्हर सांभाळणाऱ्याला सांगून ठेवा. नाहीतर दीडेक वर्षाने एका पहाटे तो न झालेल्या रीबूटचं कारण शोधत बसेल.